भाड्यासाठी बैठं घर घ्यायचं की माडीचं, बघायला जायच्या आधीची तयारी

माझ्या मेव्हण्याला भाड्यानं द्यायला घर घ्यायचंय आणि तो रोज फोन करून एकच विचारतोय, बैठं घेऊ की वर-खाली दोन बिऱ्हाडं राहतील असं माडीचं, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतो, तुमच्यातल्या कुणाला उपयोग झाला तर बरंच. मी हे एकदा चुकवलंय. जुळे सोलापुरात ग्राउंड प्लस वन घेतलं, दोन भाडी येणार म्हणून खूश होतो, कागद बघितले, फरशी बघितली, आणि हौद मोजला नाही. खाली पाच माणसं, वर चार, हौद एक, मोटार एक, गच्चीवर टाकी एक, आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. एप्रिलमध्ये भांडणं सुरू झाली, मेमध्ये खालचे गेले, शाळा सुरू व्हायच्या आधी वरचेही गेले, चार महिने घर रिकामं आणि बँकेचा हप्ता चालू. तेव्हा मीटर टेप घ्या. बाकी काही विसरलात तरी चालेल, टेप घ्या.

आधी घरी बसून ठरवा, भाडेकरू कोण येणार. सिव्हिल हॉस्पिटलजवळ शिकाऊ डॉक्टर आणि नर्सेस येतील, वालचंद कॉलेजकडं पोरं, अक्कलकोट रोड एमआयडीसीकडं कामगार, विजापूर रोडला बदलीवर आलेली नोकरदार कुटुंबं. पोरांना वरचा मजला चालतो. म्हातारे आई-वडील असलेलं कुटुंब मात्र जिना बघूनच परत जातं. मग हिशेब मांडा, समजा बैठं ४० लाखाला आणि भाडं ९ हजार, तर वर्षाला १ लाख ८ हजार, म्हणजे २.७ टक्के, आणि माडीचं ६५ लाखाला, खाली ९ वर ७, तर १ लाख ९२ हजार, म्हणजे जेमतेम ३ टक्के. बघा, फरक किती थोडा आहे! एजंट फक्त "दोन भाडी" म्हणतो, टक्के काढून दाखवत नाही. माडीचा खरा फायदा असा की एक बिऱ्हाड गेलं तरी दुसऱ्याचं भाडं येत राहतं, बैठं रिकामं झालं की शून्य. पण बैठ्या घरात तुमच्या पैशातला मोठा वाटा जागेत असतो आणि पुढं किंमत वाढते ती जागेची, बांधकाम जुनंच होत जातं.

घर बघायला दुपारी तीन-चारला जा, जमलं तर उन्हाळ्यात. मी गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, जानेवारीत बघितलं, गार वारा होता, वरची खोली छान वाटली. मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढं गेला की तोच वरचा स्लॅब रात्री दहापर्यंत तापलेला असतो. माडीवर वरचं भाडं कमी मिळतं ते यामुळंच. बैठ्या घराच्या डोक्यावरही स्लॅबच असतो हे विसरू नका, गच्चीवर चायना मोझॅक (पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) किंवा पांढरा कोट आहे का बघा.

आता हौद. झाकण उघडायला लावा, लाजू नका. लांबी, रुंदी, खोली फुटात मोजा, खोली मोजताना नळाचा पाइप जिथून आत येतो तिथपर्यंतच धरा, वरच्या स्लॅबपर्यंत नाही. तिन्हींचा गुणाकार करून २८.३ नं गुणा, लिटर मिळतात. माझा ६ बाय ५ बाय ४ निघाला, म्हणजे साधारण ३४०० लिटर, आणि मला सांगितलं होतं "दहा हजारचा आहे". शहरासाठी माणशी रोजचे १३५ लिटर धरतात, नऊ माणसं पाच दिवस म्हणजे ६००० च्या वर, काटकसर करून १०० धरले तरी ४५००. कुठून पुरणार? मग शेजारच्या दोन घरांत जाऊन विचारा, पाणी किती दिवसांनी येतं, किती वाजता, किती वेळ, आणि दाब कसा असतो, कारण गल्लीच्या टोकाला घर असेल तर मोठा हौदसुद्धा भरत नाही. रात्री दोनला पाणी आलं तर व्हॉल्व्ह कोण सोडणार हेही विचारा, आमच्याकडं निम्मी भांडणं त्यावरून झाली. उजनी भरली म्हणून निवांत राहू नका, धरण भरणं वेगळं आणि आपल्या गल्लीत पाणी येणं वेगळं. नळाला थेट मोटार लावून ओढू असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, ते बेकायदा आहे, महापालिका मोटार जप्त करते. बोअर असेल तर पाणी चाखून बघा, खारं-जड पाणी प्यायला चालत नाही आणि गिझर खराब करतं. माडीचं घेणार असाल तर दोन हौद, दोन मोटारी, दोन टाक्या. नसतील तर दुसऱ्या हौदाचा खर्च किमतीतून आधीच कमी करून घ्या. मला नंतर पार्किंगची फरशी फोडून हौद बांधावा लागला, पाऊण लाख गेले, आणि ते दोन भाडेकरू चांगले होते हो, परत नाही आले.

पाया. आपल्याकडं बऱ्याच भागात काळी माती, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेलाय का विचारा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग दिसली की इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढं जाऊ नका. बैठं घर हलकं असतं म्हणून उलट तेच जास्त उचललं जातं, हे मला फार उशिरा कळलं. "आत्ता बैठं घेऊ, पुढं वर चढवू" असा विचार असेल तर कॉलम आहेत का नुसत्या भिंतींवर उभं आहे ते बघा, गच्चीवर सळया बाहेर दिसल्या म्हणून भागत नाही, दहा वर्षं उन्हापावसात गंजलेल्या सळयांवर मजला उभा करणार का?

जिना बाहेरून पाहिजे. आतून असेल तर ती दोन बिऱ्हाडं नव्हेतच, एकच मोठं घर, आणि एवढं मोठं घर घेणारं कुटुंब शोधत बसावं लागतं. वीज मीटर दोन. एकाच मीटरवर दोघं ९०-९० युनिट जाळतात तेव्हा १८० होतात आणि १०० च्या वरचे ८० महाग दरात जातात, सबमीटर लावून वाटणी केली तरी महावितरणचा दराचा टप्पा बदलत नाही.

कागद तुम्हाला माहीत असतील, सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, एनए म्हणजे बिगरशेतीचा कागद, भोगवटा प्रमाणपत्र. माडीसाठी एकच जास्तीचं, मंजूर नकाशात वरचा मजला आहे का. पुष्कळदा नसतो. गुंठेवारीची, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेली जागा असेल तर नियमित झाल्याचा कागद हातात येईपर्यंत टोकन नको.

करार ११ महिन्यांचा असला तरी लिव्ह अँड लायसन्स नोंदवावाच लागतो, भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, आणि ती जबाबदारी मालकाची, नोटरी करून भागत नाही. ऑनलाइन होतो. माडीला दोन करार. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या. घरपट्टी तुम्ही भरली असेल तर इन्कम टॅक्सला भाड्यातून आधी ती वजा आणि उरलेल्यावर ३० टक्के सूट, दोन्ही प्रकारच्या घरांना सारखीच.

बैठं की माडीचं, तर मेव्हण्याला मी सांगितलं, बाहेरून जिना, दोन मीटर आणि दोन हौद असतील तरच माडीचं, नाहीतर कॉलमवर उभं असलेलं बैठं घे. रविवारी तो होटगी रोडला एक बघायला चाललाय. टेप माझीच दिलीय त्याला, आणि झाकण उघडायला एक पहारही.