टीचिंग्ज: कुणाकडून हरायचं ते आधी ठरवा

मॅजिक: द गॅदरिंग या कार्डांच्या खेळात पॉपर हा प्रकार आपल्याकडच्या खिशाला सगळ्यात परवडणारा. यात फक्त कॉमन, म्हणजे सगळ्यात सहज मिळणारी कार्डं चालतात. एखादं कार्ड आजवर एकदा जरी कॉमन म्हणून छापलं गेलं असेल तरी पुरे. २०१९ मध्ये ऑनलाइन आणि कागदी पॉपरची बंदी-यादी एक झाली, तेव्हापासून स्पर्धांसाठी नियमांचा घोळ उरला नाही. कंट्रोल, म्हणजे समोरच्याचे डाव अडवत खेळ लांबवणं, खेळायचं म्हणून विचारणाऱ्या नवख्याला लोक दोन-तीन ठरलेल्या लिस्ट पाठवतात. मी खेळते ती निळी-काळी टीचिंग्ज त्यात सहसा नसते, आणि ते बरोबरच आहे. डेक संथ आहे, दमवणारी आहे, आणि तयार लिस्ट उचलून जिंकावी अशी तर अजिबात नाही.

डेकचं नाव मिस्टिकल टीचिंग्ज या कार्डावरून आलं. चार मॅना (लँड कार्डांतून मिळणारं चलन) देऊन लायब्ररीतून, म्हणजे न उचललेल्या कार्डांच्या गठ्ठ्यातून, कुठलंही इन्स्टंट (समोरच्याच्या टर्नमध्येही खेळता येणारं) किंवा फ्लॅश (तशीच मुभा) असलेलं कार्ड हातात घ्यायचं; नंतर ग्रेव्हयार्डमधून (वापरलेल्या कार्डांच्या ढिगातून) सहा मॅनाला तेच पुन्हा करायचं, याला फ्लॅशबॅक म्हणतात. टीचिंग्ज स्वतः इन्स्टंट असल्याने एक टीचिंग्ज दुसरी शोधू शकते. हे कार्ड २००६ चं. २००७ साली योकोहामाच्या प्रो टूरमध्ये गियोम वाफो-तापा या फ्रेंच खेळाडूने टीचिंग्जवर उभ्या केलेल्या कंट्रोल डेकने विजेतेपद मिळवलं होतं. तो प्रकार वेगळा, कार्डं वेगळी. तरी त्याचे जुने सामने सापडले तर बघा: हातात सात कार्डं धरून टर्नमागून टर्न काहीही न करण्याचा निवांतपणा तिथे दिसतो.

नवखे या डेकमध्ये सगळ्यात जास्त फसतात ते एकेका कार्डाच्या मोहात. टीचिंग्ज काहीही शोधते ना, मग या डेकसाठी हे एक, त्या डेकसाठी ते एक, असं करत पंधरा वेगवेगळी उत्तरं भरली जातात. हिशेब साधा आहे. चार मॅना शोधायला आणि दोन मॅना ते उत्तर खेळायला. म्हणजे एकाच टर्नमध्ये हवं असेल तर सहा लँड लागतात. लाल डेकने तोवर तुमचा निकाल लावलेला असतो. झपाट्याच्या डेकविरुद्ध शोधून आणलेलं उत्तर म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. म्हणून माझा नियम असा: जे उत्तर पहिल्या चार टर्नमध्ये लागतं ते तीन किंवा चार प्रतींत ठेवायचं, आणि एकेरी कार्डांची चैन फक्त संथ डेकविरुद्ध करायची. साठ कार्डांच्या डेकमध्ये चार प्रती असल्या तर त्यातली निदान एक पहिल्या सात कार्डांत यायची शक्यता सुमारे ४० टक्के. एकच प्रत असेल तर जेमतेम १२.

शिवाय काय शोधता येतं ते नीट वाचून घ्या. समोरच्याला त्याचं एक क्रीचर सॅक्रिफाइस करायला लावणारं चेनर्स ईडिक्ट उत्तम कार्ड आहे, पण सॉर्सरी, म्हणजे फक्त आपल्या टर्नमध्ये खेळायचं. टीचिंग्जला ते दिसतच नाही. डायबॉलिक ईडिक्ट इन्स्टंट, ते चालतं. क्रिप्ट रॅट्स क्रीचर आहे आणि त्याला फ्लॅश नाही, म्हणून छोट्या क्रीचरचा थवा साफ करायला शोधून आणायचं असेल तर सफोकेटिंग फ्यूम्ससारखं काहीतरी लागतं. त्याची मजा अशी की नको तेव्हा दोन मॅनाला सायकल करून, म्हणजे टाकून देऊन, दुसरं कार्ड घेता येतं. अक्युम्युलेटेड नॉलेज इन्स्टंट आहे आणि ग्रेव्हयार्डमध्ये त्याच्या जितक्या प्रती जास्त, तितकी जास्त कार्डं देतं. संथ सामन्यात मी टीचिंग्जने बऱ्याचदा तेच आणते.

आता उत्तरांची निवड. कुठलंच उत्तर सगळ्यांवर चालत नाही, आणि डेक ट्यून करण्यातला जवळजवळ सगळा वेळ इथेच जातो. प्रोहिबिट घ्या. दोन मॅनाला ते मॅना व्हॅल्यू (कार्डावर छापलेली किंमत) दोनपर्यंतचं कार्ड काउंटर, म्हणजे रद्द, करतं, चार मॅना दिले तर चारपर्यंतचं. अ‍ॅफिनिटी या, आर्टिफॅक्ट जितकी जास्त तितकी कार्डं स्वस्त करणाऱ्या डेकमधला मिर एन्फोर्सर फुकटात खेळला तरी त्याची मॅना व्हॅल्यू सातच राहते. टोलेरियन टेररचंही तसंच. लाल डेकचं फायरब्लास्ट दोन माउंटन सॅक्रिफाइस करून पडतं, पण त्याची व्हॅल्यू सहा. या तिन्हींसमोर प्रोहिबिट हातात धरून बघत बसावं लागतं; काउंटरस्पेल तिन्हींना थांबवतं, हायड्रोब्लास्ट लाल कार्डांवरच चालतं, म्हणून फक्त फायरब्लास्टला. टेररवर वॉर्ड दोन आहे, म्हणजे त्याला टार्गेट करायला दोन मॅना जादा, आणि क्रीचर मारणारं कास्ट डाउन दोनाऐवजी चार मॅनाला पडतं. ईडिक्ट खेळाडूला टार्गेट करतं, त्याला वॉर्डची फिकीर नाही. पण तेच ईडिक्ट एल्व्ह्जसमोर टाकलं तर समोरचा आपला सगळ्यात निरुपयोगी एल्फ हसत हसत देतो. स्नफ आउट एकही मॅना न देता, चार लाइफ देऊन क्रीचर मारतं: टेररसमोर वॉर्डचे दोन तेवढे भरावे लागतात, लाल डेकसमोर ते चार लाइफ देणं म्हणजे त्याचं काम आपणच करणं, आणि गुर्मॅग अँग्लर काळा असल्याने त्याच्यावर ते चालतच नाही.

हे सगळं कागदावर तक्ता करून मांडा: आडव्या ओळीत तुम्हाला भेटणाऱ्या डेक, उभ्या रकान्यात तुमची उत्तरं. तक्ता भरताना लक्षात येईल की सगळ्या चौकटी हिरव्या होत नाहीत. कधीच होणार नाहीत. कुठली ओळ लाल सोडायची, हा निर्णय घ्यायचं लोक टाळतात, आणि मग डेक सगळ्यांशी थोडी थोडी हरते. मी ट्रॉन (उर्झा नावाच्या लँडवर चालणारी डेक) सोडून दिला आहे. तीन उर्झा लँड जमले की त्याला सात मॅना मिळतात, आणि लांबलेला खेळ हे आपलं बळ असलं तरी तो त्याचा घरचा मैदान. त्याच्यासाठी कॅपसाइज एवढं एक कार्ड ठेवते. सहा मॅनाला ते दर टर्नला परत हातात येतं आणि त्याची लँड उचलत राहतं. लागलं तर लागलं. ट्रॉनसाठी साइडबोर्डच्या (दोन गेमच्या मध्ये डेकमध्ये बदलून घालायच्या कार्डांच्या) सहा जागा अडवण्यापेक्षा त्या लाल आणि अ‍ॅफिनिटीवर खर्च केलेल्या बऱ्या.

लालचं नाव पुन्हा पुन्हा येतंय त्याला कारण आहे. इटलीत पॉपरच्या मोठ्या स्पर्धा होतात, तिथल्या लिस्ट उत्तम असतात, पण त्या तिथल्या खोलीसाठी केलेल्या असतात. पुण्या-मुंबईत तुम्हाला तेच ते दहा-बारा चेहरे भेटणार, आणि त्यातल्या बऱ्याच जणांकडे लाल डेक असते, कारण ती सगळ्यात स्वस्तात आणि सगळ्यात लवकर जमते. मेटा (समोर कोणत्या डेक येतात ते) म्हणजे इथे माणसं. कोण नवीन डेक बांधतोय, कुणाचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, एवढं कळलं तरी बरंच कळतं. अशा खोलीत मी दोन हायड्रोब्लास्ट थेट मुख्य साठ कार्डांत ठेवते. ऑनलाइन कुणी लिस्ट पाहून नाक मुरडलं तरी हरकत नाही. नको तिथे ब्रेनस्टॉर्मने ती परत लायब्ररीत टाकून शफल करता येतात.

लँडकडे कुणी बघत नाही, आणि पॉपर कंट्रोलमध्ये बरेच सामने तिथेच जातात. कॉमन दुरंगी लँड टॅप्ड येतात, म्हणजे त्या टर्नला मॅना देत नाहीत. डिस्मल बॅकवॉटर एक लाइफ देतं म्हणून लोक ते चार घालतात, पण ते स्वॅम्प नाही, आयलंडही नाही. कंटॅमिनेटेड अ‍ॅक्विफर आणि आइस टनल स्वॅम्पही आहेत आणि आयलंडही; त्यामुळे स्नफ आउट मॅना न देता पडतं आणि लॉरियन रिव्हील्ड एका मॅनाला सायकल करून त्यांनाच शोधता येतं. लॉरियन आल्यापासून मी लँडची संख्या थोडी कमी केली. उशिरा आलं तर तेच कार्ड पाच मॅनाला तीन कार्डं देतं. मात्र क्रिप्ट रॅट्सच्या थवा साफ करणाऱ्या क्षमतेला फक्त काळा मॅना चालतो, तेव्हा काळा मॅना देणाऱ्या लँड वेगळ्या मोजा.

आता घड्याळ. कागदी स्पर्धेत तीन गेमच्या राउंडला सहसा पन्नास मिनिटं असतात आणि ती दोघांत सामायिक. मॅजिक ऑनलाइनवर प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालतं, त्यामुळे तिथे सराव करून आलेल्या कंट्रोलवाल्याला टेबलावर धक्का बसतो: समोरचा विचार करतोय, आणि वेळ तुमचाही जातोय. वेळ आणि त्यानंतरच्या जादा टर्न संपल्यावर १-० ने पुढे असाल तर राउंड तुमचा. १-१ असेल तर बरोबरी, म्हणजे तीनऐवजी एक गुण. संथ डेकला दुसरा गेम पुरा होईलच याची खात्री नसते, म्हणून पहिला गेम फार मोलाचा. मुख्य डेक नेमकी आखायची ती यासाठीच. मुद्दाम वेळ काढणं मात्र सरळ फसवणूक आहे, त्यात थेट बाद होता. उलट करा: टीचिंग्ज टाकण्याआधीच काय आणायचं ते ठरवा, लायब्ररी हातात घेऊन विचार करू नका. समोरच्याच्या टर्नमध्ये आपला टर्न आखून ठेवा. पहिला गेम हातातून गेला असेल तर शेवटच्या लाइफपर्यंत चिवटपणा न करता सोडून द्या आणि दुसऱ्याला वेळ ठेवा. समोरचा रेंगाळत असेल तर जजला बोलवायला संकोच नको; त्यात कुणाचा अपमान नसतो.

जिंकायचं कशाने हाही वेळेचाच प्रश्न. जुन्या लिस्टमध्ये शेवट करणारं कार्ड एखादंच असायचं. मी दोन अँग्लर ठेवते. पाच पॉवरने चार हल्ल्यांत वीस लाइफ संपतात. ते स्वस्तात आणायला ग्रेव्हयार्डमधली कार्डं खर्चून काढावी लागतात, तेव्हा फ्लॅशबॅकची टीचिंग्ज आणि अक्युम्युलेटेड नॉलेज चुकूनही काढू नका, वापरून झालेले काउंटर आणि कँट्रिप (एक कार्ड उचलून देणारी स्वस्त कार्डं) आधी काढा.

कमी खेळल्या जाणाऱ्या डेकचा एक खरा फायदा दुसऱ्या गेममध्ये मिळतो. तुमच्याकडे क्रीचर जवळजवळ नाहीत हे पाहून समोरचा आपली क्रीचर मारणारी कार्डं काढून टाकतो. तेव्हा साइडबोर्डमधून आणखी दोन अँग्लर आणायचे. हे ओळखीच्या खोलीत फार वेळा चालत नाही. दोन-तीन स्पर्धांनंतर सगळे दोन ईडिक्ट ठेवूनच बसतात.

साइडबोर्डचा सराव वेगळा करा. राउंडमधले निम्म्याहून जास्त गेम साइडबोर्डनंतरचे असतात, तरी लोक सराव पहिल्या गेमचाच करतात. प्रत्येक डेकविरुद्ध काय आत येणार यापेक्षा काय बाहेर जाणार ते आधी लिहा. बाहेर काढायला चारच कार्डं सापडत असतील तर त्या डेकसाठी आत यायची सात कार्डं ठेवण्यात अर्थ नाही. आणि कार्डं विकत घेण्याआधी चिठ्ठ्या लिहून स्लीव्हमध्ये घालून खेळा, शक्यतो समोरची डेकही स्वतःच बांधून. स्पर्धेत चिठ्ठ्या चालत नाहीत, पण महिनाभराच्या सरावाला भरपूर पुरतात, आणि परदेशातून मागवलेली कार्डं नंतर डब्यात पडून राहत नाहीत.