गोव्यात विद्युत अभियंता होऊ पाहणाऱ्यांसाठी: फीडर, पावसाळा आणि घर

विद्युत शाखा घ्यावी की नाही, हे विचारायला येणाऱ्या मुलांचा पहिला प्रश्न पगाराचा असतो आणि त्यांच्या आईवडिलांचा पहिला प्रश्न सरकारी नोकरी मिळेल का, हा असतो. कामाच्या वेळा कशा असतात, हे सहसा कोणीच विचारत नाही. वीज वितरणात माझी बरीच वर्षे गेली आहेत. घरी वयस्क आईवडील, शिक्षिका पत्नी आणि शाळकरी मुले आहेत. या क्षेत्रातला माणूस अभ्यासापेक्षा वेळापत्रकाने अधिक थकतो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे, आणि शाखा निवडण्यापूर्वीच ते कानावर पडलेले बरे.

शिक्षणाची वाट सर्वांना माहीत आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. फर्मागुडीचे गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय 1967 पासून चालू आहे आणि तंत्रनिकेतनातील पदविकेचा मार्गही तितकाच खुला आहे. पदविकाधारकाला वीज खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून, तर पदवीधराला लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून सहायक अभियंता म्हणून प्रवेश मिळू शकतो. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोकणीचे ज्ञान आवश्यक धरले जाते, मराठी इष्ट मानली जाते. दाखल्याचे काम जाहिरात निघण्याची वाट न पाहता आधीच करून ठेवावे. खाजगीत वेर्ण्याचे औषध कारखाने आणि किनाऱ्यावरची मोठी हॉटेले आहेत. मात्र गोव्यात मोठे वीजनिर्मिती केंद्र नाही. आपली बहुतेक वीज महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या बाजूने उच्चदाब वाहिन्यांवरून घाट उतरून येते. ज्याला टर्बाइनची ओढ आहे, त्याने गोव्याबाहेर राहण्याची मानसिक तयारी ठेवावी. इथे राहायचे असेल तर रोहित्रे (ट्रान्सफॉर्मर), स्विचगिअर (वीज जोडण्या-तोडण्याची साधने) आणि संरक्षण प्रणाली हे विषय परीक्षेपुरते वाचून भागत नाही.

हे विषय कामाला कसे येतात, ते मिरगाच्या सुमारास कळते. उन्हाळाभर खाऱ्या वाऱ्याने किनाऱ्यालगतच्या इन्सुलेटरवर, म्हणजे तार खांबापासून अलग ठेवणाऱ्या भागावर, मिठाचा आणि धुळीचा थर साचतो. तो कोरडा असेपर्यंत निरुपद्रवी असतो, पण पहिल्या हलक्या सरींनी ओला झाला की त्यातून गळतीचा प्रवाह वाहू लागतो आणि 11 केव्हीचे फीडर, म्हणजे उपकेंद्रातून गावांकडे वीज नेणाऱ्या वाहिन्या, एकामागून एक ट्रिप होऊ (आपोआप बंद पडू) लागतात. पुढे मुसळधार पावसाने थर धुऊन निघाला की हा त्रास कमी होतो, म्हणून रिमझिम पावसात वीज जाते आणि धो धो पावसात टिकते, हे लोकांना विचित्र वाटते. याच्या जोडीला माडाची चुडते असतात. चुडत दोन तारांवर आडवे पडले तर ओव्हरकरंट रिले (जादा प्रवाह ओळखून फीडर बंद करायला लावणारे उपकरण) चालतो, एका तारेवरून झाडाला किंवा खांबाला टेकले तर बहुधा अर्थ फॉल्ट, म्हणजे वीज जमिनीत जात असल्याचा दोष, दाखवला जातो. उपकेंद्रातील रिलेवरचा हा संकेत वाचल्याशिवाय लाईनमनना काळोखात पेट्रोलिंगला पाठवणे म्हणजे त्यांचा तासभर वाया घालवणे. सगळ्यात चिकट दोष केसाएवढी चीर गेलेल्या चिनी मातीच्या इन्सुलेटरचा. खालून टॉर्च मारून तो धडधाकट दिसतो, दिवसा उन्हात फीडर व्यवस्थित राहतो आणि रात्री पाऊस आला की पुन्हा ट्रिप होतो. अशा वेळी फीडरचे तुकडे पाडून, एकेक स्विच उघडून, कोणत्या भागात दोष आहे ते शोधावे लागते, आणि तोपर्यंत गावातले फोन अखंड वाजत असतात.

फोनच्या या दडपणाखाली एक गोष्ट कधीही सैल पडू देऊ नये, ती म्हणजे परमिट, लाईन बंद करून तिच्यावर काम करण्याची परवानगी. ज्याला आम्ही ‘लाईन क्लिअर’ म्हणतो, ते लेखी घेतल्याशिवाय, तार चार्ज नाही हे टेस्टरने तपासल्याशिवाय आणि कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तार जमिनीशी जोडणारे डिस्चार्ज रॉड लावल्याशिवाय माणूस खांबावर चढता कामा नये. दोन्ही बाजूंना का, असे नवा अभियंता हमखास विचारतो. वीज गेली की अनेक घरांत आणि दुकानांत जनरेटर सुरू होतात. त्यातला एखादा चेंजओव्हर स्विचशिवाय (जनरेटर चालू असताना घर बाहेरच्या लाईनपासून तोडणाऱ्या स्विचशिवाय) जोडलेला असेल तर त्याचा 415 व्होल्टचा पुरवठा उलट्या दिशेने रोहित्रात शिरून वरच्या बाजूला हजारो व्होल्टचा दाब निर्माण करू शकतो. उपकेंद्रात ब्रेकर उघडा आहे, कागद बरोबर आहे, आणि तरीही तार जिवंत आहे, असे होऊ शकते. खांबावर चढणाऱ्यालाही घरी मुले असतात. त्यामुळे सरपंचांचा फोन असो की साहेबांचा, रॉड लावायला लागणारी पाच मिनिटे लागतातच, असे शांतपणे सांगायला शिकावे.

आता घराविषयी. चवथीला मुंबई-पुण्याहून माणसे गावच्या घरी उतरतात, रोषणाई होते, एरवी बंद असणारी घरे उजळतात आणि वाड्यावरच्या 100 केव्हीए रोहित्रावर भार चढतो. म्हणजे सगळे एकत्र येतात तेव्हाच अभियंता हवा असतो. आमच्याकडे माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची सजावट) बांधण्याचे काम मी आदल्या रात्रीच उरकतो, पूजा दादा करतो आणि आरतीला मी पोचलो तर पोचलो. ही व्यवस्था आईने ठरवली, आणि तिने ती रागाने नव्हे, हिशेबाने ठरवली. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने खांब आणि झाडे आडवी केली, त्या काळात घरच्यांना कोरोनापासून जपायचे होते आणि कामावर दिवसरात्र माणसांत वावरायचे होते; तेव्हा बाहेरच्या न्हाणीत आंघोळ करून पडवीतच झोपायचे, असा नियम पत्नीने घातला आणि कोणीही त्यावर वाद घातला नाही. लग्न ठरवताना पगाराबरोबर पावसाळ्याचीही कल्पना द्यावी, असे मी अविवाहित सहकाऱ्यांना सांगतो. ते हसतात, पण जून आला की त्यांना पटते. एक मोठी सोय मात्र गोव्यातच आहे: पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे अंतर सुमारे 100 किलोमीटर, त्यामुळे बदली झाली तरी बिऱ्हाड हलवावे लागत नाही आणि मुलांची शाळा सुटत नाही. पावसाळ्यात गेलेला वेळ मी डिसेंबर ते फेब्रुवारीत रजा घेऊन भरून काढतो, आणि गावच्या जत्रेची तारीख वर्षाच्या सुरुवातीलाच कार्यालयात कळवून ठेवतो.

नेमणूक मिळाल्यावर पहिली कोरडी वेळ फीडरवर पायी फिरण्यात घालवावी आणि एकरेषीय आराखडा, म्हणजे फीडरवर कुठे काय आहे हे एका रेषेत दाखवणारा नकाशा, स्वतःच्या हाताने काढावा, कारण कार्यालयातल्या जुन्या नकाशावर नवे रोहित्र बहुधा नसते. अर्थिंगची (उपकरणांच्या जमिनीशी असलेल्या जोडणीच्या रोधाची) मोजणी एप्रिल-मे महिन्यात करावी. आपल्या जांभ्या दगडाच्या जमिनीचा रोध तेव्हा सर्वाधिक असतो. जुलैत चिखलात उभे राहून घेतलेला आकडा सुरेख येतो आणि उन्हाळ्यात उपयोगी पडत नाही.