छोट्या तलावावर गळ टाकायचाय? नाशिककरांसाठी थोडंसं

सुरुवातीलाच गंगापूर डॅम, मुकणे, दारणा असल्या मोठ्या पाण्याच्या नादी लागू नका, तिथे मासा कुठेय हे शोधण्यातच दिवस जातो. दिंडोरी, त्र्यंबक साइडला गावोगावी छोटे पाझर तलाव आहेत ते बरे. फक्त आधी गावात विचारा, बरेचसे तलाव मच्छीमार सोसायटीने ठेक्याने घेतलेले असतात, माशांचं बीजही त्यांनीच सोडलेलं असतं, न विचारता बसलात तर भांडण ठरलेलं. आणि नांदूरमध्यमेश्वर विसराच, ते पक्षी अभयारण्य आहे.

सामान फार लागत नाही. लवचिक बांबूची काठी, तंगूस (नायलॉनची बारीक दोरी), एक छोटं शिसं, थर्माकोलचा तुकडा फ्लोट म्हणून आणि ८ ते १० नंबरचा गळ. नंबर वाढला की गळ बारीक होतो हं, दुकानात उलटं मागू नका.

आता खरी गोष्ट म्हणजे गळ किती खोल सोडायचा, नवीन लोक इथेच फसतात, सगळे एकाच खोलीला टाकून तासन् तास बसतात. कटला वरच्या पाण्यात खातो, त्याचं तोंडच वर वळलेलं असतं बघा, रोहू मधल्या थरात आणि मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प) तळाशी. म्हणून फ्लोट तंगुसावर खालीवर सरकवत राहायचं, एका खोलीला अर्धा तास काहीच हललं नाही तर बदलायचं.

आमिष म्हणाल तर रोहू-मृगळला कणीक आणि शेंगदाण्याची पेंड, घट्ट मळायची, सैल झाली तर पाण्यात पडल्या पडल्या सुटते. चिलापीला गांडूळ, पण अख्खं नाही, छोटा तुकडा, नाहीतर ती टोक कुरतडून पसार. चिलापी लागली की फ्लोट टुकटुक नाचतो, तेव्हा ओढायचं नाही, तिरका होऊन सरकायला लागला की मनगटाने हलका झटका द्यायचा. हातात घेताना डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत पाठीवरचे काटे दाबून धरा. शिंगाडा मासा लागला तर आणखी जपून, त्याचे पाठीवरचे आणि बाजूचे काटे असले टोचतात की हात ठणकतो, सरळ पक्कडीने गळ काढा.

मरळ काठाच्या गवतात असते, ती वर येऊन हवा घेते तेव्हा पाण्यावर बुडबुडा दिसतो, तिथेच जिवंत बारका मासा लावून टाका. पण पावसाळ्यात पिल्लांचा लालसर पुंजका पाण्यावर फिरताना दिसला तर आईबाप खालीच राखण करत असतात, त्यांना धरू नका, नाहीतर पिल्लांना दुसरे मासे फस्त करतात.

पहाटे जा असं सगळे सांगतात, उन्हाळ्यात बरोबरच आहे, पण डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे, त्यात निफाडकडे तर विचारूच नका, असली थंडी असते की मासा सुस्त पडून राहतो, तेव्हा ऊन तापल्यावर अकरा-बारानंतर गेलेलं चांगलं.

तलावाच्या माशाला चिखलाचा वास येतोच, साफ करून मीठ-हळद चोळा, चिंचेच्या कोळात थोडा वेळ ठेवा. चिलापी बारीक असेल तर रवा लावून तळा, रोहूचा मात्र काळ्या मसाल्यातला रस्साच.