राउटरवर पोर्ट उघडण्याआधी एक आकडा बघा

आईबाबा कोथरूडला, मी वाकडला. अंतर म्हणाल तर फार नाही, पण संध्याकाळी चांदणी चौकातून तिकडे जायचं म्हणजे काय ते पुण्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. तिकडे टीव्हीखालच्या कपाटात कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (रेकॉर्डिंग करणारा डबा) आहे आणि शेजारी माझा जुना पीसी, त्यावर लिनक्स टाकून घरचे सगळे फोटो ठेवलेत. बाबांचा फोन आला की "अरे जिन्यातला कॅमेरा दिसत नाहीये, बघ जरा", आणि मी इथे बसून काय बघणार? म्हणून एका रविवारी ठरवलं की आता हे इकडूनच उघडता आलं पाहिजे, आणि तो अख्खा रविवार पाण्यात गेला. राउटरमध्ये पोर्ट उघडायचं, म्हणजे बाहेरून ठराविक आकड्यावर आलेलं घरातल्या मशीनकडे वळवायचं (पोर्ट फॉरवर्डिंग), सेटिंग सगळं बरोबर होतं, तरी बाहेरून काही म्हणता काही उघडेना. कारण समजायला सोमवार उजाडला. तुमचा रविवार वाचावा म्हणून उलट्या क्रमाने सांगतो, जे मला शेवटी कळलं ते आधी.

राउटरच्या पानावर जा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका, नाहीतर राउटरच्या खालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. स्टेटस नावाच्या पानावर डब्ल्यूएएन (WAN, म्हणजे बाहेरची बाजू) किंवा इंटरनेट असं लिहिलेलं असेल त्याच्यापुढे एक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) दिसतो, तो कागदावर लिहून घ्या. मग गूगलवर "माय आयपी" शोधा आणि तिथे दिसणारा आकडा त्याच्या शेजारी लिहा (तिकडे लांबलचक कोलनवाला पत्ता दिसला तर तो आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा आहे, आपल्याला चार तुकड्यांचा हवाय). दोन्ही सेम असतील तर लॉटरी लागली, पुढे वाचा. वेगळे असतील तर फॉरवर्डिंगच्या पानाला हातसुद्धा लावू नका, आधी ते वेगळे का आहेत ते बघा.

राउटरवरचा आकडा १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यात असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या (CGNAT, कंपनीच्या पातळीवरच्या नॅटच्या) मागे आहात. मी होतो. काही जणांना तिथे १० ने सुरू होणारा आयपी दिसतो, मतलब तोच. म्हणजे काय तर साधं नॅट हे सोसायटीच्या वॉचमनसारखं आहे, बाहेरच्यांना पत्ता फक्त सोसायटीचा माहीत, पार्सल कुठल्या फ्लॅटला द्यायचं ते वॉचमन ठरवतो, आणि पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्याला दिलेली चिठ्ठी की "या नंबरचं काही आलं की सरळ चारशे दोनला पाठव." सीजीनॅटमध्ये तुमची सोसायटी एका मोठ्या टाऊनशिपच्या आत असते आणि टाऊनशिपच्या मेन गेटवरचा वॉचमन कंपनीचा, तो तुमची चिठ्ठी घेतच नाही. मी दिवसभर आतल्या वॉचमनला चिठ्ठ्या देत बसलो होतो आणि पार्सल मेन गेटवरूनच परत जात होतं. कंपन्या हे करतात कारण जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते संपलेत. एकूणच सव्वाचारशे कोटींच्या आसपास आहेत आणि जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून झाले. हा १००.६४ वाला पट्टा तर २०१२ साली खास याच कामासाठी बाजूला काढून ठेवला.

आकडा १९२.१६८ ने सुरू होत असेल तर भानगड बहुतेक घरातलीच आहे. कंपनीने फायबरचा डबा दिला, तो स्वतःच राउटर आहे, आणि तुम्ही त्याच्यापुढे चांगला म्हणून दुसरा राउटर लावला. दोन वॉचमन. उपाय दोन आहेत, एकतर कंपनीच्या डब्याला ब्रिज मोडमध्ये (राउटरचं काम सोडून नुसतं नेट पुढे देण्यावर) टाकायला सांगा आणि पीपीपीओईचा, म्हणजे कनेक्शनच्या लॉगिनचा, युजरनेम पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरा, नाहीतर आपला राउटर अॅक्सेस पॉइंट मोडला (नुसतं वायफाय देण्यावर) टाका आणि फॉरवर्डिंग कंपनीच्या डब्यात करा. दुसरं सोपं आहे. पहिल्यात कस्टमर केअरशी बोलावं लागतं.

आता बोलावंच लागलं तर नीट शब्द वापरा. सीजीनॅट असेल तर तुम्हाला हवा असतो पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट गाठता येणारा, फक्त तुमचा. तो स्टॅटिक असलाच पाहिजे असं नाही, बदलता असला तरी चालतो. पण फोनवर तुम्ही "पब्लिक" म्हणालात की समोरचा "स्टॅटिक" ऐकतो आणि बिझनेस प्लॅनचा रेट सांगतो. मला एकाने राउटर रीसेट करून बघायला सांगितलं, दुसऱ्याने नवीन राउटर घ्यायला. त्यापेक्षा आपल्या एरियाचा केबलवाला बरा, त्याच्याकडे छोट्या कंपनीचं कनेक्शन असेल तर तो सरळ सांगतो, मिळतो की नाही आणि वरती किती पडतील.

समजा पब्लिक आयपी आहे किंवा मिळाला. मग पहिलं काम, ज्या मशीनला बाहेरून गाठायचंय तिचा आतला पत्ता पक्का करा. डीएचसीपीच्या (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या) पानावर अॅड्रेस रिझर्वेशन असतं, काही राउटरवर आयपी-मॅक बाइंडिंग म्हणतात, तिथे पीसीचा मॅक (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा नंबर) निवडून त्याला समजा १९२.१६८.४७.५० देऊन टाका. हे केलं नाही तर महिन्याभराने तो पत्ता आईच्या फोनला मिळतो आणि तुमचं फॉरवर्डिंग आईच्या फोनकडे वळतं.

हो, ४७ का ते विचाराल. डीफॉल्टला सगळ्यांचं नेटवर्क १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० असतं. माझ्या वाकडच्या घरीपण तेच होतं. पुढे व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कपर्यंतचा खाजगी बोगदा) लावलं की तुमचा लॅपटॉप १९२.१६८.१.५० शोधतो आणि त्याला वाटतं हा तर याच घरातला पत्ता आहे, तो तिकडे जातच नाही. मग तुम्ही डोकं आपटत बसता. म्हणून आईबाबांकडचं नेटवर्क आधीच काहीतरी विचित्र आकड्यावर न्या. लॅनच्या (घरातल्या नेटवर्कच्या) पानावर राउटरचा आयपी १९२.१६८.४७.१ केला की झालं, फक्त त्यानंतर सगळी उपकरणं एकदा बंद-चालू करावी लागतात आणि डीव्हीआरला आयपी हाताने भरलेला असेल तर तिथेही बदलावा लागतो (मी विसरलो होतो, बाबांचे कॅमेरे दोन दिवस मोबाईलवर दिसत नव्हते).

आता ते फॉरवर्डिंगचं पान. प्रत्येक कंपनीने नाव वेगळं ठेवलंय, कुठे व्हर्च्युअल सर्व्हर, कुठे नॅट फॉरवर्डिंग, कुठे अप्लिकेशनच्या खाली लपवलेलं. आत मात्र चारच गोष्टी भरायच्या असतात. बाहेरचा पोर्ट, आतला पोर्ट, आतल्या मशीनचा आयपी आणि टीसीपी की यूडीपी (डेटा पाठवायच्या दोन पद्धती). पोर्ट म्हणजे ६५५३५ पर्यंतचा कुठलाही आकडा, बाहेरचा आणि आतला वेगळा ठेवता येतो पण उगाच घोळ घालू नका, सेम ठेवा. सेव्ह करा. इथे खरं म्हणजे काम पाच मिनिटांचं आहे.

पण कुठला पोर्ट उघडायचा यावर मी जरा हट्टी आहे. डीव्हीआरचा उघडू नका. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ अजिबात उघडू नका. पासवर्डवर चालणारा एसएसएच (दुरून कमांड देऊन मशीन चालवायची सोय) म्हणजे २२ नंबरसुद्धा नको. मी एकदा एका पब्लिक आयपीवाल्या कनेक्शनवर हौसेने २२ उघडला होता, दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता लॉग (कोण येऊन गेलं त्याची नोंद) उघडला तर पान खाली सरकवून सरकवून बोट दुखलं. रूट, अॅडमिन, टेस्ट, पाय, ओरॅकल, परत रूट, अशी युजरनेम टाकून दर दोन-चार सेकंदाला कुणीतरी कुठल्या तरी देशातून दार वाजवतंय. माझ्यावर कुणाचा राग नव्हता हो, ही मशीन्स सगळ्याच पत्त्यांवर एकामागून एक फिरत असतात, तुम्ही फेमस असायची गरज नाही. आणि डीव्हीआरचं म्हणाल तर २०१६ च्या मिराई नावाच्या घातक प्रोग्रामची आठवण ठेवा. फॅक्टरीतून आलेल्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्यांची यादी, बस तेवढ्यावर जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि त्यांच्याच जोरावर त्या ऑक्टोबरमध्ये डाइन (Dyn) नावाच्या डीएनएस (साइटच्या नावावरून आयपी सांगणाऱ्या) कंपनीवर हल्ला झाला, ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या साइट्स तेव्हा कितीतरी लोकांना उघडेनात. आमच्या डीव्हीआरवर कॅमेरेवाल्याने अॅडमिनचा पासवर्ड पेनाने लिहून चिकटवला होता. एक ते सहा आकडे, ओळीने.

म्हणून एकच पोर्ट उघडायचा, व्हीपीएनचा. त्यासाठी वायरगार्ड नावाचं व्हीपीएन चांगलं, ते लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) २०२० पासूनच आहे, आणि आता बऱ्याच नव्या राउटरमध्ये वायरगार्ड सर्व्हर आधीच दिलेला असतो, तो असेल तर वेगळ्या पीसीची आणि फॉरवर्डिंगचीही गरज नाही. पीसीवर चालवणार असाल तर यूडीपी ५१८२० फॉरवर्ड करायचा, टीसीपी नाही, इथे बरेच जण चुकतात. गंमत म्हणजे वायरगार्डकडे योग्य किल्ली नसलेला कुणी आला तर ते उत्तरच देत नाही. दार बंद आहे असंही म्हणत नाही, गप्प बसतं. त्यामुळे पोर्ट चेक करणाऱ्या साइटवर "क्लोज्ड" दिसलं तर घाबरू नका, त्या साइट्स बहुतेक टीसीपीच बघतात.

सर्व्हरवर किल्ल्यांची एक जोडी, फोनवर एक जोडी, एकमेकांची पब्लिक किल्ली एकमेकांना द्यायची, प्रायव्हेट किल्ली व्हॉट्सअॅपवर पाठवायची नाही. फोनला बहुतेक ठिकाणी क्यूआर कोड स्कॅन केला की भागतं. कॉन्फिगमध्ये अलाउड आयपीज नावाची ओळ असते, फोनच्या बाजूला तिथे व्हीपीएनच्या स्वतःच्या पत्त्यांचा पट्टा आणि १९२.१६८.४७.०/२४ (म्हणजे आईबाबांकडचं अख्खं नेटवर्क) एवढंच लिहा. ०.०.०.०/० लिहिलंत तर फोनचं सगळंच नेट कोथरूडमार्गे जायला लागतं. पीसीवर सर्व्हर असेल तर त्याच्यात आयपी फॉरवर्डिंग (एका नेटवर्कवरून आलेलं दुसऱ्यात पुढे पाठवणं) चालू केलं पाहिजे आणि मास्करेडचा (फोनवरून आलेलं पीसीकडूनच आलंय असं दाखवणारा) नियम टाकला पाहिजे, नाहीतर पीसी दिसतो पण त्याच्या शेजारचा डीव्हीआर दिसत नाही.

टेस्ट करताना फोनचं वायफाय बंद करा. बंद म्हणजे बंद. घरच्याच वायफायवरून घरचाच बाहेरचा पत्ता टाकला तर कित्येक राउटर ते वळवून आत आणत नाहीत आणि तुम्हाला वाटतं सेटिंग चुकलं. मोबाईल डेटावर वायरगार्डचं अॅप चालू करा आणि लेटेस्ट हँडशेक (दोन्ही बाजूंची शेवटची ओळख कधी पटली) ही ओळ बघा. तिथे "सहा सेकंदांपूर्वी" असं काहीतरी आलं की किल्ल्या बरोबर आणि पोर्टही बरोबर. ती ओळच नसेल तर गडबड फॉरवर्डिंगमध्ये किंवा किल्लीत. ओळ आहे पण डीव्हीआर उघडत नाही, तर गडबड त्या मास्करेडमध्ये किंवा अलाउड आयपीजमध्ये. एवढी विभागणी कळली तरी निम्मं काम झालं.

बदलत्या आयपीसाठी डायनॅमिक डीएनएस लावा, म्हणजे बदलत्या आयपीला एक कायमचं नाव मिळतं. डकडीएनएस फुकट आहे, बऱ्याच राउटरमध्ये नो-आयपी वगैरेचा पर्याय असतोच. गुरुवारी लाईट गेली, राउटर परत चालू झाला, नवा आयपी मिळाला, तरी नाव तेच राहतं. फक्त एक लक्षात असू द्या, वायरगार्ड त्या नावाचा आयपी चालू होतानाच विचारतं, मधे बदलला तर त्याला पत्ता नसतो. अॅपमधलं बटण एकदा बंद-चालू केलं की परत लागतं.

आणि सीजीनॅटच असेल, कंपनी पब्लिक आयपी द्यायला तयारच नसेल, तर? मी शेवटी टेलस्केल नावाची सेवा लावली आणि खरं सांगायचं तर बहुतेकांनी तेच लावावं. आतमध्ये वायरगार्डच आहे, पण दोन्ही बाजू आतून बाहेर जातात आणि मधे भेटतात, त्यामुळे पोर्ट उघडायचा प्रश्नच येत नाही. घरगुती वापराला फुकट प्लॅन पुरतो. पीसीवर टाका, फोनवर टाका, एकाच खात्याने लॉगिन करा. डीव्हीआरवर ते टाकता येत नाही, म्हणून पीसीला सबनेट राउटर करायचं, म्हणजे १९२.१६८.४७.०/२४ जाहीर करायचं आणि मग त्यांच्या वेबसाइटवरच्या अॅडमिन पानावर जाऊन तो रूट (मार्ग) मंजूर करायचा. ही मंजुरी हमखास राहते. टेलस्केलसुद्धा १०० ने सुरू होणारेच पत्ते देतं, त्याच पट्ट्यातले, ते बघून परत सीजीनॅट सीजीनॅट करत बसू नका.

जाता जाता राउटरमध्येच दोन-तीन गोष्टी बंद करून या. रिमोट मॅनेजमेंट (राउटरचं पान बाहेरून उघडू देणारं) बंद, यूपीएनपी बंद (ते चालू असलं की घरातलं कुठलंही उपकरण तुम्हाला न विचारता पोर्ट उघडून घेतं), डीएमझेडमध्ये (बाहेरून येणारं सगळं एकाच मशीनकडे सोडणारं सेटिंग) काही असेल तर काढा, आणि राउटरचा अॅडमिन पासवर्ड बदला. आयपीव्ही६ चालू असेल तर त्याची फायरवॉल (बाहेरून येणारं अडवणारी) चालू आहे ना तेही बघा, तिथे नॅटचा आडोसा नसतो.

पीसीच्या बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) लाईट आल्यावर आपोआप चालू व्हायचं सेटिंग असतं, ते लावा, नाहीतर दर गुरुवारी बाबांना फोन करून बटण दाबायला सांगावं लागतं. मी ते लावलं तरी एका शुक्रवारी काहीच लागेना, तासभर लॉग चाळले, शेवटी फोन केला तर कळलं की इस्त्रीसाठी प्लग काढला होता. बाबांनी आता तिथे कागद चिकटवलाय, "हा प्लग काढू नये. इस्त्रीसाठी समोरचा वापरावा."