पडीक भूखंड आणि थकलेला कर : शहरांनो, या चुका टाळा

गेटला कुलूप, कुलपाला गंज आणि गेटवर एकावर एक डकवलेल्या चार नोटिसा. सगळ्यात खालची पावसाने पार धुऊन गेलेली. आत कंबरभर गवत, फुटक्या फरशा, रात्रीतून कुणीतरी ओतून गेलेला राडारोडा. वर्षानुवर्षे मालमत्ता कर थकलेली जागा शेजाऱ्यांना अशी दिसते. वसुली विभागाला मात्र तिथे फक्त मुद्दल, व्याज आणि दंड दिसतो. पैसे वसूल करायचे आहेत की जागा पुन्हा वापरात आणायची आहे, हे आधी ठरवलेलंच नसतं, आणि माझ्या मते बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतात.

मृत माणसाच्या नावाने नोटिसा पाठवत राहणं

मालक वारलेला असतो, वारसांनी नावं लावलेली नसतात आणि कचेरीतून दरवर्षी त्याच पत्त्यावर पत्र जात राहतं. ते परत येतं, फाइलला लागतं, आणि 'नोटीस बजावली' असा शेरा पडतो. पुढे लिलाव होतो. काही वर्षांनी एखादा वारस किंवा गहाणदार बँक उभी राहते आणि सगळा व्यवहार कोर्टात अडकतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली जोन्स विरुद्ध फ्लॉवर्स खटल्यात हे स्पष्ट केलं : नोटीस न स्वीकारता परत आली, तर मालकापर्यंत पोहोचण्यासाठी शक्य असलेली आणखी पावलं उचलल्याशिवाय घर विकता येत नाही.

त्यामुळे पहिलं काम शोधाचं. मृत्यूची नोंद, वारसांची नावं, जागेवरचा बोजा, पाण्याचं बिल कोण भरतं, हे सगळं तपासा. आणि शेजारी चौकशी करा. मालकाचा मुलगा कुठे असतो हे शेजारच्या आजींना हमखास माहीत असतं.

थकबाकी विकून हात झटकणं

ही चूक मोहात पाडणारी आहे. शहर आपला वसुलीचा हक्क गुंतवणूकदाराला विकतं आणि तिजोरीत लगेच पैसे येतात. पण गुंतवणूकदाराचं लक्ष व्याजावर असतं, गवत कापण्यावर नाही. जागेला किंमत नाही असं दिसलं की तो तिच्याकडे पाठ फिरवतो. मग मालक नाही, गुंतवणूकदार नाही, आणि हक्क विकून बसल्यामुळे शहरालाही काही करता येत नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने १९९९ च्या कायद्याने ही पद्धत बंद केली. थकबाकी खासगी लोकांना विकण्याऐवजी सरकारी यंत्रणाच कोर्टाकडून निर्विवाद मालकी मिळवू लागली, आणि पूर्वी खूप रेंगाळणारं प्रकरण कर थकल्याच्या तिसऱ्या वर्षी निकाली निघू लागलं. निर्विवाद मालकी नसेल तर कर्ज मिळत नाही, बांधकामाला परवानगी मिळत नाही, प्रामाणिक खरेदीदार फिरकत नाही. बाकी सगळे उपाय त्यानंतरचे.

राहतं घर आणि ओसाड जागा एकाच मापाने मोजणं

मिनियापोलिसमधल्या जेराल्डिन टायलर यांच्या सदनिकेवर दंड-व्याजासह साधारण १५,००० डॉलरची थकबाकी होती. काउंटीने (तिथल्या जिल्हा प्रशासनाने) सदनिका ४०,००० डॉलरला विकली आणि वरचे २५,००० सुद्धा स्वतःकडेच ठेवले. त्या तेव्हा त्या घरात राहत नव्हत्या, पण मालमत्ता त्यांचीच होती. २०२३ साली, त्या ९४ वर्षांच्या असताना, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की करापेक्षा जास्त आलेली रक्कम सरकारला गिळता येणार नाही. मला तर हे कायद्याआधी माणुसकीचं वाटतं. घरात दिवा लागत असेल तर आधी हप्ते बांधून द्या, सवलतीचा अर्ज घरपोच द्या. जप्तीचा धाक रिकाम्या जागांसाठी राखून ठेवा.

सर्वांत मोठी बोली म्हणजे सर्वांत चांगला खरेदीदार, असं समजणं

स्वस्तात घेऊन पडून ठेवणारे लिलावात नेहमीच असतात. दोन वर्षांनी तीच जागा, तीच थकबाकी, फक्त मालकाचं नाव नवं. ज्याची स्वतःची इतर ठिकाणी थकबाकी आहे त्याला बोली लावू देऊ नका. जागा किती महिन्यांत वापरात आणायची ते करारातच लिहा, आणि न आणल्यास ती परत घेण्याची अटही घाला. लिलावात कुणीच न घेतलेल्या जागांसाठी अमेरिकेतल्या सेंट लुईस शहराने १९७१ मध्ये स्वतंत्र भूबँक, म्हणजे अशा जागा ताब्यात घेऊन सांभाळणारी आणि पुढे देणारी सरकारी संस्था, उभी केली. पण भूबँक म्हणजे गोदाम नव्हे. देखभालीचा पैसा दिला नाही, तर ती स्वतःच शहरातली सर्वांत मोठी बेफिकीर मालक होऊन बसते.

फक्त कचरा उचलणं

मालकीचा प्रश्न सुटेपर्यंत जागेचं काय? फिलाडेल्फियात ५४१ रिकाम्या भूखंडांवर रीतसर प्रयोग झाला. काही जागांचा कचरा काढून जमीन सपाट केली, गवत पेरलं, थोडी झाडं लावली आणि भोवती लाकडाचं बुटकं कुंपण घातलं. कुंपणाला मुद्दाम ये-जा करण्याइतकी फट ठेवली. काही जागांवर नुसती साफसफाई झाली, काहींना हातच लावला नाही. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. हिरवळ केलेल्या जागांजवळ राहणाऱ्यांमध्ये उदास वाटण्याचं प्रमाण, हात न लावलेल्या जागांच्या तुलनेत, ४१.५ टक्क्यांनी घटलं. नुसत्या साफसफाईने तसा ठोस फरक पडला नाही. गरीब वस्त्यांमध्ये सुधारलेल्या जागांजवळचा गोळीबारही सुमारे २९ टक्क्यांनी कमी झाला. खर्च भूखंडामागे साधारण १,६०० डॉलर आणि वर्षाच्या देखभालीला १८० डॉलर.

त्या बुटक्या कुंपणात बरंच काही आहे. उंच पत्रे ठोकले की आडोसा तयार होतो. बुटकं कुंपण दिसलं की इथे कुणाचं तरी लक्ष आहे हे कळतं, आणि गाडीभर राडारोडा टाकायला येणारा बिचकतो.

पडकं घर पाडतानाही एक गोष्ट सांभाळा. विटा-काँक्रीट तिथेच पुरून वर मातीचा थर देऊ नका. झाडं जगत नाहीत, जमीन खचते, आणि पुढच्या बांधकामाच्या वेळी तेच सगळं दुप्पट खर्चाने उकरावं लागतं.

छोट्या तुकड्यांसाठी मोठ्या विकासकाची वाट पाहणं

दोन घरांमधली अरुंद जागा बिल्डरला नको असते, शेजाऱ्याला मात्र हवी असते. बऱ्याचदा गवत तोच कापत आलेला असतो. डेट्रॉइटमध्ये अशा जागा लगतच्या घरमालकांना १०० डॉलरला देण्याची योजना राबवली गेली. मात्र जागा देताना ती घराच्या भूखंडात विलीन करून दोन्हींचं एकच कर खातं करून द्या. खाती वेगळी राहिली तर घर विकलं जातं, ती अरुंद जागा मागे राहते, आणि काही वर्षांत ती पुन्हा थकबाकीच्या यादीत दिसते.