वँडलच्या काठाने थेम्सपर्यंत: एका दिवसाची पायपीट

दक्षिण लंडनमधली वँडल नदी जेमतेम १४ किलोमीटरची. नॉर्थ डाउन्स टेकड्यांच्या पायथ्याशी, खडूच्या खडकातल्या झऱ्यांतून निघते आणि तेवढ्यात धान्य, तपकीर, कापडछपाई असे कितीतरी धंदे चालवून वँड्सवर्थला थेम्सला मिळते. थांबत-बघत चालायला पाच-सहा तास धरा. क्रॉयडनहून निघा असे बरेच जण सांगतात. ऐकू नका, सुरुवातीचा वेळ डांबरी रस्त्यांतच जातो.

कार्शल्टन स्टेशनवर उतरून तळ्यांपाशी जा आणि प्रवाहाबरोबर उत्तरेकडे निघा, म्हणजे ऊनही पाठीवर राहते. पुढे विल्डरनेस आयलंड हे छोटे राखीव क्षेत्र लागते. क्रॉयडनकडून आलेला नदीचा फाटा इथेच मिळतो. आत गेलात तर पायवाट सोडू नका.

मॉर्डन हॉल पार्कमध्ये तपकिरीच्या गिरण्या आहेत; दळण १९२२ मध्ये थांबले. पाणी कसे खेळवले आहे ते नीट बघा. गिरणीपाशी नदी दुभंगते. सरळ, संथ, काठोकाठ भरलेला तो चाकासाठी बांधलेला पाट. जादा पाणी दुसऱ्या वाटेने खाली सोडलेले असते. या दोन पातळ्यांतल्या फरकावरच चाक फिरायचे. २०१२ मध्ये इथे वीज तयार करायला आर्किमिडीज स्क्रू, म्हणजे पाण्याच्या भाराने फिरणारा मोठा मळसूत्री दांडा, बसवला. बागेतून बाहेर पडताना ट्रामचे रूळ ओलांडावे लागतात, हेडफोन काढा.

मर्टन अ‍ॅबी मिल्समध्ये लिबर्टी या लंडनमधल्या नामांकित दुकानाचे रेशीम छापले जाई. तिथले चाक खालून पाणी लागणारे आहे. जेवण इथेच उरका.

खरी फसगत अर्ल्सफील्डला होते. प्लाउ लेनच्या पुढे वाट छान काठाने जाते आणि ट्रेविंट स्ट्रीटवर अचानक संपते. नकाशावर नदीची निळी रेघ अखंड दिसते, म्हणून लोक तिच्या मागे गल्ल्यांत शिरतात आणि गोदामांच्या कुंपणांपाशी अडकतात. कारखाने थेट पाण्याला भिडवून बांधले होते, त्यामुळे काठ उरलेलाच नाही. मुकाट्याने उजवीकडे गॅरट लेनवर या, मग डावीकडे वळून स्टेशनपर्यंत चला. मोबाइल इथून सरळ वँड्सवर्थला जायला सांगेल. तसे केलेत तर शेवटचा हिरवा पट्टा हुकतो. स्टेशनजवळ पेनविथ रोड धरा, पूल ओलांडा, उजवीकडच्या वस्तीतून किंग जॉर्ज पार्क गाठा.

पार्क संपल्यावर नदी शॉपिंग सेंटरच्या पोटात गडप होते. शोधत बसू नका. हाय स्ट्रीटवर या, २००६ मध्ये बंद झालेल्या राम ब्रुअरी या बिअरच्या कारखान्यापाशी ती पुन्हा दिसते.

मुखाशी पोचण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघा. ओहोटीला नुसता गाळ आणि त्यात चोच खुपसणारे पक्षी दिसतात. भरतीला थेम्सचे पाणी उलटे आत शिरताना दिसते. परतीला वँड्सवर्थ टाउन स्टेशन जवळ पडते.