स्प्लेंडरचं इंजिन घरी सर्व्हिस करताना: आधी टॅपेट, मग ऑइल

घरच्या सर्व्हिसिंगची सुरुवात ऑइल काढण्यापासून करा, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. ऑइल कोमट इंजिनातून काढायचं असतं आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरच्या टोकाचे स्क्रू, पूर्ण थंड इंजिनावर सेट करायचे असतात. एकदा गाडी तापवली की टॅपेटचं काम दुसऱ्या दिवसावर जातं. थंड म्हणजे ३५ अंशांच्या खाली. आमच्या अकोल्यात मे महिन्यात सावलीतली गाडीसुद्धा दुपारी तेवढी थंड नसते. रात्रभर उभी ठेवा आणि पहाटेच काम उरका.

गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. प्लग काढून घासून ठेवा. त्याने इंजिन हाताने सहज फिरतं. हेडवरच्या दोन्ही टॅपेट टोप्या आणि डाव्या कव्हरवरची दोन्ही झाकणं उघडा. वरचा टॅपेट कार्ब्युरेटरच्या बाजूचा, म्हणजे इनलेट. खालचा सायलेन्सरच्या बाजूचा, एक्झॉस्ट.

आता खरं काम. मॅग्नेटवर, म्हणजे डाव्या कव्हरमागे क्रँकसोबत फिरणाऱ्या चाकावर, ‘टी’ची खूण असते. ती कव्हरच्या खाचेसमोर आणा आणि टॅपेट व व्हॉल्व्हमधला गॅप मोजा, एवढंच बहुतेक जण सांगतात. हा सल्ला अर्धवट आहे, आणि त्यापायी माझे पहिले दोन महिने वाया गेले. चार स्ट्रोकच्या एका फेऱ्यात क्रँक दोनदा फिरतो, म्हणून ‘टी’ही दोनदा समोर येतो. त्यातला एकच आपल्या कामाचा, कॉम्प्रेशनचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतानाचा. दुसऱ्या वेळी एक्झॉस्ट बंद होत असतो, इनलेट उघडत असतो आणि दोन्ही रॉकर थोडे दाबलेले असतात. मी तिथेच गॅप ठेवला. रॉकर सुटल्यावर तो कितीतरी वाढला. गाडी टकटक वाजायला लागली, ओढही गेली. मी मात्र ऑइलला दोष देत राहिलो.

म्हणून आधी खुणेकडे पाहूच नका, इनलेटच्या रॉकरकडे पाहा. डाव्या बाजूने पाना लावून मॅग्नेट घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. इनलेट दाबला जाईल, मग सुटून वर येईल. त्यानंतर पहिल्यांदा येणारा ‘टी’ तो आपला. त्याच्या जरा आधी ‘एफ’ येतो, ती इग्निशनची खूण. तिथे थांबू नका. ‘टी’ खाचेसमोर आला की दोन्ही रॉकर बोटाने हलवून पाहा. दोन्ही किंचित हलले तरच पुढे जा. खूण निसटली तर मागे फिरवू नका, पूर्ण फेरा पुन्हा घ्या.

गॅप तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो आणि तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायचा असतो. दाढीचं ब्लेड घालून सेट करा म्हणणारे आजही भेटतात. ते ब्लेड साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतं, मग त्याहून कमी गॅप त्याने कसा मोजणार? फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा संच, घ्याच. त्याची पाती स्क्रू आणि व्हॉल्व्हच्या टोकामध्ये सरळ घाला. बंद वहीत दाबलेला कागद ओढताना जेवढा अडतो, तेवढीच ती अडली पाहिजे.

इथे दुसरी चूक होते. लॉकनट आवळताना स्क्रूही सोबत फिरतो आणि गॅप मिटतो. टॅपेटच्या चावीने स्क्रू पक्का धरा, दुसऱ्या हाताने नट आवळा आणि नट आवळल्यानंतर गॅप पुन्हा मोजा. मला अजूनही बहुतेक वेळा दोन-तीनदा करावं लागतं.

‘आवाज अजिबात नको’ म्हणून टॅपेट टाइट करून घेणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, असं करू नका. व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटवर टेकून बाहेर टाकतो. गॅपच नसेल तर तापल्यावर तो पूर्ण टेकत नाही, जळता गॅस फटीतून निसटतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते. गरम गाडी किक मारून थकवायला लागली, तर हेच तपासा. ढिला टॅपेट वाजून तरी सांगतो. टाइट टॅपेट हेड उघडायला लावतो. हलकी टिकटिक असू द्या.

टोप्यांचे ओ-रिंग कडक झाले असतील तर बदला. प्लग बसवा. एअर फिल्टर तेलकट कागदाचा असेल तर हवा मारू नका, नवा टाका.

आता गाडी दोन-तीन मिनिटं चालू ठेवून बंद करा आणि ऑइल काढा. ड्रेन बोल्टचे पहिले आटे बोटांनीच फिरवा, वायसर नवा घाला आणि लांब पान्याने जोर लावू नका. केसिंग ॲल्युमिनियमचं आहे, आटे लगेच जातात. ऑइल १०डब्ल्यू-३०, डब्यावर ‘जासो एमए’ (ऑइलमधल्या क्लचच्या बाइकसाठीचा दर्जा) लिहिलेलंच. या गाडीचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, कारच्या ऑइलने तो घसरू शकतो. मॅन्युअलमधल्या मापाने भरा, मिनिटभर चालवून थोडं थांबा. मग डिपस्टिक पुसून, आटे न फिरवता, नुसती टेकवून पातळी बघा.